गोदातीराहून काशीस: कवींद्राचार्य सरस्वतींचें वर्षासन

१. विषयप्रवेश

आपला मुलुख सोडून परप्रांतीं जाऊन राहिलेल्या विद्वानांचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोनच अंगांनीं लिहिला जातो. त्यांनीं कोणते ग्रंथ रचिले हें एक, आणि त्यांस कोणत्या राजाचा आश्रय होता हें दुसरें. परंतु तो आश्रय वर्षाकांठीं किती रुपयांचा होता, तेवढ्यांत त्यांचा योगक्षेम कसा चाले, आणि तो एकाएकीं तुटला असतां पुढें काय होई, हे प्रश्न ग्रंथकारांच्या चरित्रांत सहसा विचारले जात नाहींत. विचारले तरी उत्तरास साधन सांपडत नाहीं. सतराव्या शतकांतील कवींद्राचार्य सरस्वती यांच्या बाबतींत मात्र सुदैवानें असें साधन उपलब्ध आहे. त्यांच्या वर्षासनाची रक्कम, तें देणारा, तें बंद करणारा, आणि तें बंद झाल्यानंतरचें त्यांचें राहणीमान, या चारही गोष्टी एका समकालीन परदेशी गृहस्थानें प्रत्यक्ष पाहून लिहून ठेविल्या आहेत.

प्रस्तुत लेखांत त्या वर्षासनाचा विचार करावयाचा आहे. त्यांतून निघणारें अनुमान आरंभींच सांगितल्यास वाचकांस पुढील विवेचन सुलभ होईल. दोन हजार रुपयांचें हें वर्षासन दरबारच्या मानानें अल्प, पण काशीच्या मानानें सुखाचें होतें. तें गेल्यावरहि त्या पुरुषाचें सुख गेलें नाहीं. यावरून परमुलुखीं जाऊन राहिलेल्या मनुष्याचा खरा निर्वाह केवळ मिळणाऱ्या रकमेवर अवलंबून नसून, तो ज्या समाजांत जाऊन राहिला त्या समाजाच्या व्यवस्थेवर, व हातीं रक्कम असतां त्यानें काय सांठविलें यावर अवलंबून असतो, असें दिसून येतें.

२. गोदातीरचे काशीकर

कवींद्राचार्यांच्या प्रशस्तिपर ग्रंथांत व त्यांच्या स्वतःच्या हिंदी रचनेंत त्यांचा मूळ प्रदेश गोदातीर असा सांगितला आहे. ते ऋग्वेदी आश्वलायन शाखेचे; प्रथम गोदातीरीं राहत व नंतर काशीस जाऊन राहिले. गांवाचें नांव तेथें दिलेलें नाहीं. गोदावरी आमच्या परभणी जिल्ह्यांत पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या भागांतून वाहते. परंतु एवढ्यावरून कवींद्राचार्यांस परभणीकर ठरविण्याचा मोह अभ्यासकानें टाळला पाहिजे. येथें इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, ते काशीस गेले ते वाट चुकून एकटे गेले नव्हते. ज्या वाटेनें ते गेले ती वाट गोदातीरच्या शास्त्र्यांच्या पायांखालची होती.

पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सहकुटुंब काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म इ. स. १५१३) यांची काशीच्या पंडितसभेंत अग्रपूजा होऊं लागली, व विश्वेश्वराच्या मंदिराच्या पुनरुभारणीशीं त्यांचें व राजा तोडरमलाचें नांव निगडित आहे. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनीं इ. स. १६१२ त निर्णयसिंधु रचिला. पणतू गागाभट्ट यांस इ. स. १६७४ त रायगडच्या राज्याभिषेकामुळें महाराष्ट्रांत लहानथोर सर्व ओळखतात.

दुसरें कुटुंब तर आमच्या जिल्ह्याच्या अगदीं जवळिकीचें आहे. पार्थपूर म्हणजे आजची पाथरी. तेथील ज्ञानराजानें शके १४२५ (इ. स. १५०३) मध्यें सिद्धांतसुंदर हा ज्योतिषग्रंथ रचिला, आणि त्याचा पुत्र सूर्यदास यानें भास्कराचार्यांच्या बीजगणितावर व लीलावतीवर टीका लिहिल्या. त्याच प्रदेशांत गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्राम येथें दिवाकर नांवाचा दैवज्ञ होऊन गेला. ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ हा त्याचा गुरु. दिवाकराच्या पुत्रपौत्रांच्या काळीं हें घराणें काशीस गेलें. मल्लारी, विश्वनाथ, नृसिंह हे सर्व त्याच घराण्यांतील, आणि नृसिंहाचा पुत्र कमलाकर यानें शके १५८० (इ. स. १६५८) मध्यें काशींत सिद्धांततत्त्वविवेक पुरा केला. निर्णयसिंधुकार कमलाकरभट्ट निराळे व हा ज्योतिषी कमलाकर निराळा, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत (इ. स. १८९६) या घराण्याचा वंशविस्तार परिश्रमपूर्वक दिला आहे. इ. स. १६५८ हें साल वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याच सालाशीं आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

या वसाहतीचें स्वरूप विखुरलेल्या व्यक्तींचें नव्हतें. ती एक नांदती वस्ती होती. म. म. हरप्रसाद शास्त्री यांनीं इ. स. १९१२ त काशींतील दक्षिणी पंडितांवर स्वतंत्र निबंध लिहून हें प्रथम स्पष्ट केलें. इ. स. १६५७ त विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपांत बसून काशीच्या पंडितांनीं कोंकणांतील एका ज्ञातिविषयक वादाचा निर्णय दिला. तें निर्णयपत्र रा. पिंपुटकर यांनीं चितळेभट्ट प्रकरण या पुस्तकांत छापिलें आहे. दूर कोंकणांतला वाद काशींत जाऊन मिटावा, यावरून तेथील दक्षिणी मंडळाचें वजन किती होतें तें कळतें. परमुलुखीं गेलेल्या मनुष्यास आपल्या बोलीचे, आपल्या शाखेचे व आपल्या आचाराचे लोक भोंवतीं असणें हें मोठेंच भांडवल आहे. कवींद्राचार्यांस तें पाय ठेवतांच मिळालें.

३. कवींद्राचार्यांचा लौकिक

काशींत त्यांनीं संन्यास घेतलेला होता, व विद्वत्तेमुळें सर्वविद्यानिधान ही पदवी त्यांच्या नांवामागें लागलेली होती. संस्कृताच्या जुन्या विद्यार्थ्यांस त्यांचें नांव निराळ्या वाटेनें परिचित असेल. निर्णयसागरानें छापिलेल्या दशकुमारचरिताच्या आवृत्तींत जी पदचंद्रिका टीका आहे ती त्यांचीच. याशिवाय कवींद्रकल्पद्रुम, जगद्विजयछंद, व हिंदींत कवींद्रकल्पलता आणि योगवासिष्ठाचें सार, अशी त्यांची रचना आहे. संस्कृत पंडितानें लोकभाषेंत रचना करावी ही गोष्ट त्या काळीं अनेकांस कमीपणाची वाटे. कवींद्राचार्यांनीं तो कमीपणा पत्करिला, आणि त्याच भाषेच्या बळावर शहाजहान बादशहाच्या दरबारांत त्यांचा शिरकाव झाला.

त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी गोष्ट ग्रंथरचनेची नव्हे. प्रयाग व काशी येथील यात्रेकरूंवर बादशाही कर होता. कवींद्राचार्यांनीं दरबारीं जाऊन तो माफ करविला. या कार्याबद्दल काशीच्या पंडितांनीं व संन्याशांनीं आपापले गद्यपद्य अभिनंदन त्यांस अर्पण केलें. तें सर्व कृष्ण नांवाच्या पंडितानें एकत्र करून कवींद्रचंद्रोदय या नांवानें संग्रहित केलें, आणि हरदत्त शर्मा व पाटकर यांनीं तो संग्रह इ. स. १९३९ त पुण्यास छापिला. त्याच धर्तीवर हिंदी कवींचाहि एक संग्रह आहे. त्याचें नांव कवींद्रचंद्रिका.

येथें शहाजहानाविषयीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. याच बादशहाच्या आज्ञेनें इ. स. १६३३ च्या सुमारास काशी परगण्यांतील नवीं बांधलेलीं ७६ देवालयें पाडलीं गेलीं, असें त्याच्याच दरबारी इतिहासांत अब्दुल हमीद लाहोरी यानें नमूद केलें आहे. देवालयें पाडविणारा तोच, व यात्राकर उठविणाराहि तोच. म्हणून कवींद्राचार्यांस मिळालेलें वर्षासन हा कोणत्याहि स्थिर राजनीतीचा भाग नव्हता. ती त्या वेळची त्या बादशहाची मर्जी होती. ही गोष्ट पुढील विवेचनास महत्त्वाची आहे.

४. बर्नियेची साक्ष

फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य शहाजहानच्या अखेरीस व औरंगजेबाच्या आरंभीं दिल्लीस होता. दानिशमंदखान या विद्याव्यासंगी इराणी उमरावाच्या पदरीं तो राहिला. इ. स. १६६५ च्या अखेरीस तो गंगेच्या कांठानें बंगालकडे जात असतां काशीस उतरला. ४ ऑक्टोबर १६६७ रोजीं इराणांतील शिराज शहरांतून त्यानें आपल्या देशांतील शापलें नांवाच्या विद्वानास जें दीर्घ पत्र लिहिलें, त्यांत काशीच्या मुख्य पंडिताच्या भेटीची हकीकत आहे.

तिचा मथितार्थ असा. या पंडिताच्या विद्वत्तेस्तव, व कांहीं अंशीं राजेरजवाड्यांचें मन राखण्यासाठीं, शहाजहानानें त्यास दोन हजार रुपयांचें वर्षासन दिलें होतें. फ्रेंच नाण्यांत तें सुमारें एक हजार एक्यू होई. तो अंगानें भरलेला व बांध्याचा सुरेख होता. कमरेस पांढरें रेशमी वस्त्र पोटरीच्या मध्यापर्यंत नेसलेला, व खांद्यावर तांबडें रेशमी उपवस्त्र, असा त्याचा वेश असे. याच वेशांत बर्नियेनें त्यास दिल्लींत उमरावांच्या सभेंत व बादशहासमोर पाहिलें होतें. रस्त्यांतहि तो कधीं पायीं, कधीं पालखींत दिसे. औरंगजेबानें गादीवर येतांच तें वर्षासन काढून घेतलें. तें परत मिळावें म्हणून हा पंडित एक वर्षभर दानिशमंदखानाकडे नित्य येत असे, व त्या निमित्तानें बर्नियेचा त्याच्याशीं दाट स्नेह जमला. पुढें काशीस भेट झाली तेव्हां त्यानें बर्नियेचें मोठ्या अगत्यानें स्वागत केलें, ग्रंथालयांत त्यास फराळ दिला, आणि नगरांतील सहा उत्तम पंडितांस त्या प्रसंगीं बोलाविलें.

बर्नियेनें पंडिताचें नांव दिलेलें नाहीं. परंतु शहाजहानच्या दरबारीं मान, काशींतील अग्रस्थान, संन्यस्त वृत्ति व मोठें ग्रंथालय, हीं चारही लक्षणें एकत्र जुळतात तीं कवींद्राचार्यांच्याच ठिकाणीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं या विषयाचा सप्रमाण ऊहापोह केला असून तें मत आतां सामान्यतः ग्राह्य झालें आहे. बर्नियेनें आणखी एका पंडिताचा उल्लेख केला आहे. तो पूर्वीं दारा शुकोहच्या पदरीं असून पुढें दानिशमंदखानानें त्यास चाकरीस ठेविलें होतें, व तीन वर्षें तो बर्नियेच्या सहवासांत होता. या दोघांस एक मानण्याकडे कांहींचा कल असतो. मजकूर काळजीपूर्वक वाचतां मला ते भिन्न वाटतात. एकानें दुसऱ्या धन्याची चाकरी धरिली; दुसरा चाकरी न धरितां गेलेल्या वर्षासनासाठीं खटपट करीत राहिला. परमुलुखीं वृत्ति तुटलेल्या विद्वानापुढें असलेले हे दोन निरनिराळे मार्ग आहेत.

५. दोन हजार रुपये म्हणजे किती?

वर्षाचे दोन हजार म्हणजे, जुन्या आणे-पैच्या हिशेबानें, महिना १६६ रुपये १० आणे ८ पै होतात. ही रक्कम थोडी कीं फार, हें कोणाशीं तुलना करितां त्यावर ठरेल.

प्रथम दरबाराशीं तुलना करूं. शहाजहानच्या मयूरासनास ८६ लक्षांचीं रत्नें व १४ लक्षांचें सोनें लागलें, म्हणजे एकूण एक कोटि रुपये झाले. त्या एका आसनाच्या किंमतींत कवींद्राचार्यांचें वर्षासन पांच हजार वर्षें चाललें असतें. दरबाराच्या दृष्टीनें दोन हजार ही रक्कम कोणाच्या ध्यानींहि राहण्याजोगी नव्हती.

आतां सामान्य चाकरीशीं तुलना पाहूं. बर्नियेच्याच सांगण्याप्रमाणें एका घोड्याच्या स्वारास महिना २५ रुपयांहून कमी मिळत नसे. पायदळांतील बंदूकवाल्यांस कोणास २०, कोणास १५, कोणास १० रुपये मिळत. तोफखान्यांतील युरोपियन गोलंदाजांस पूर्वीं महिना २०० रुपयांपर्यंत मिळत, तें औरंगजेबाच्या काळीं ३२ रुपयांवर आलें. म्हणजे कवींद्राचार्यांचें वर्षासन सहा-सात स्वारांच्या पगाराइतकें होतें, आणि शहाजहानी काळांतील एका चांगल्या गोलंदाजाच्या पगाराहून थोडें कमी होतें.

याहून खालीं उतरून मजुराचें मान पाहावें. ऐने-अकबरींत साध्या मजुरास रोज दोन दाम सांगितले आहेत, व चाळीस दामांचा एक रुपया. म्हणजे महिन्यास दीड रुपया झाला. हा दर अकबरकालीन, शहाजहानापूर्वीं अर्ध्या शतकाचा आहे. पुढें मजुरी थोडीफार वाढली असें धरिलें, तरी कवींद्राचार्यांच्या एका महिन्याच्या प्राप्तींत कित्येक दहा मजुरांचीं कुटुंबें महिनाभर पोसलीं गेलीं असतीं. उमरावास जी रक्कम क्षुद्र ती गृहस्थास विपुल. मग ज्यास संसारच नाहीं अशा संन्याशास ती किती झाली असेल?

६. काशीची व्यवस्था आणि संन्याशाचा संचय

कोणतेंहि वेतन पुरेसें आहे कीं नाहीं हें त्या गांवच्या व्यवस्थेवर ठरतें. काशीच्या व्यवस्थेचें वर्णन बर्नियेनें केलें आहे, तें या दृष्टीनें फार उपयुक्त आहे. तो म्हणतो कीं, या नगरीस विद्यापीठ म्हणावें, पण तेथें आमच्याकडच्यासारख्या शाळा वा नियमित वर्ग नाहींत. गुरु आपापल्या घरीं, आणि विशेषतः नगराबाहेर धनिक सावकारांनीं मोकळ्या ठेविलेल्या बागांत शिकवितात. कोणाजवळ चार शिष्य, कोणाजवळ सहा-सात, अत्यंत नामांकित गुरूजवळ बारा किंवा पंधरा. शिष्य दहा-बारा वर्षें गुरूजवळ राहतात. त्यांची खिचडी नगरांतील श्रीमंत सावकारांकडून येते.

या शेवटच्या वाक्यांत काशीवासाचें अर्थशास्त्र सांठविलें आहे. जागा सावकाराची, अन्न सावकाराचें. गुरूवर पडणारा मुख्य खर्च दोन वस्तूंचा: अंगावरचें वस्त्र, व हातांतली पोथी. आमच्या गोलग्रामच्या दैवज्ञांनीं याच व्यवस्थेंत पिढ्यानपिढ्या अध्ययन-अध्यापन केलें. नृसिंहाचा पुत्र दिवाकर, त्याजपाशीं धाकटा भाऊ कमलाकर शिकला. विद्या घरची घरांत वाढली.

कवींद्राचार्यांचा संचय मात्र निराळ्या प्रकारचा होता. त्यांच्या ग्रंथसंग्रहाची यादी पंडित अनंतकृष्ण शास्त्री यांनीं इ. स. १९२१ त बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापिली. तींत २१९२ नोंदी आहेत. वेद, व्याकरण, न्याय, मीमांसा, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक, काव्य, अशीं सर्व शास्त्रें तींत येतात. छापखान्यापूर्वींच्या काळीं प्रत्येक पोथी कोणाच्या तरी हातांनीं उतरलेली असे. तिला कागद, शाई व वेष्टण लागे, लेखकाची मजुरी लागे, आणि शोधून मिळविण्यास कष्ट व ओळख लागे. एका संन्याशाजवळ इतक्या ग्रंथांचा मेळ पडावा ही त्या काळच्या हिंदुस्थानांत विरळा गोष्ट होती. बर्नियेनें काशींत पोथ्यांनीं भरलेला एक मोठा दिवाणखाना पाहिल्याचें लिहिलें आहे, तें या यादीशीं ताडून पाहतां अतिशयोक्तीचें वाटत नाहीं.

येथें एक शंका शास्त्रज्ञ वाचकाच्या मनांत येईल. संन्याशानें द्रव्य घ्यावें काय? धर्मशास्त्रानें यतीस संचय निषिद्ध सांगितला आहे. कवींद्राचार्य रेशमी वस्त्र पांघरीत व पालखींत बसत, हें तर बर्नियेनें डोळ्यांनीं पाहिलें. परंतु दरबारीं जाऊन कर माफ करविणाऱ्या यतीस दरबारचा थोडा डौल सांभाळणें प्राप्तच होतें. आणि त्याच्या मागें जो संचय उरला तो सुवर्णाचा नसून पोथ्यांचा होता. संग्रहांतील पोथ्यांवर सर्वविद्यानिधान या पदवीसह कवींद्राचार्यांचें नांव घातलेलें असे. ती मालकीची खूण खरी; तथापि त्या खुणेमुळेंच आज निरनिराळ्या संग्रहालयांत विखुरलेल्या त्या पोथ्या ओळखूं येतात.

७. वर्षासन गेलें, पुढें काय?

इ. स. १६५८ त औरंगजेब तख्तावर बसला, आणि शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यांत बंदिवान झाला. दारा शुकोह इ. स. १६५९ त मारला गेला. कवींद्राचार्यांचें वर्षासन याच उलथापालथींत गेलें. बर्नियेनें याचें कारण नव्या बादशहाची धर्मनिष्ठा मिरविण्याची इच्छा असें दिलें आहे. तें एक कारण असेलहि. परंतु कवींद्राचार्यांनीं आपल्या हिंदी काव्यांत शहाजहानाबरोबर दाराचीहि स्तुति केलेली होती, व दाराच्या विद्वन्मंडळांत त्यांची गणना होत असे, हें विसरून चालणार नाहीं. त्याच औरंगजेबानें इ. स. १६५९ च्या आरंभीं काशीच्या अधिकाऱ्यास फर्मान पाठवून, जुनीं देवालयें पाडूं नयेत व तेथील ब्राह्मणांस उपद्रव देऊं नये असें बजाविलें होतें. आणि पुढें दहा वर्षांनीं, इ. स. १६६९ त, त्याच्याच आज्ञेनें विश्वेश्वराचें देवालय पाडलें गेलें. तेव्हां केवळ धर्म हें एकच कारण न मानतां, पराभूत पक्षाच्या माणसाची वृत्ति नव्या राजानें तोडावी या नेहमींच्या राजकारणाचाहि त्यांत भाग असावा, असें मला वाटतें.

ज्या वर्षीं हें घडलें त्याच १६५८ त त्याच नगरींत गोलग्रामच्या कमलाकरानें आपला सिद्धांतग्रंथ पुरा केला. तख्त बदललें म्हणून त्या ज्योतिषाच्या लेखणीस खळ पडला नाहीं. दिल्लीच्या मर्जीवर ज्याचा चरितार्थ त्यास दिल्लीचा प्रत्येक धक्का बसावयाचा; घरच्या विद्येवर व नगराच्या व्यवस्थेवर ज्याचा चरितार्थ त्यास तो उशिरां व हळू पोंचावयाचा.

परंतु कवींद्राचार्यहि या धक्क्यानें खचले नाहींत, आणि याचाच पुरावा बर्नियेच्या पत्रांत आहे. आजवर या पत्रांतील उताऱ्याचा उपयोग वर्षासन बंद झाल्याचा दाखला म्हणूनच झाला. मला त्यांतील कालक्रम अधिक बोलका वाटतो. वर्षासन गेलें १६५८ च्या सुमारास. काशीची भेट झाली १६६५ त. म्हणजे बर्नियेनें जें अगत्य, जें ग्रंथालय, जो फराळ व जी पंडितांची सभा पाहिली, ती सर्व वर्षासन जाऊन सात वर्षें लोटल्यानंतरची. त्या दिवशींहि नगरांतील सहा श्रेष्ठ पंडित त्यांच्या बोलावण्यावरून येत होते. पोथ्या जागच्या जागीं होत्या. पाहुण्याचा सत्कार करण्याचें सामर्थ्य होतें. आणि ज्यानें तें वर्षासन दिलें तो शहाजहान त्याच वेळीं आग्र्यास कैदेंत आयुष्याचे शेवटचे दिवस मोजीत होता. जानेवारी १६६६ त त्याचा अंत झाला. दाता बंदींत व प्रतिग्रहीता आपल्या ग्रंथालयांत पाहुण्यासह बसलेला, असें तें चित्र आहे.

याचा अर्थ वर्षासनाची त्यांस गरज नव्हती असा नव्हे. गरज नसती तर वर्षभर उमरावाचा उंबरठा झिजविण्याचें कारण नव्हतें. वृद्धपणीं हातची वृत्ति जाणें किती जड जातें हें त्या एका उल्लेखावरून कळतें. सर्वविद्यानिधान म्हणून गौरविलेल्या पुरुषासहि आर्जव करावें लागलें, ही गोष्ट वाचून कोणाहि विद्योपासकाचें मन विषण्ण होईल.

८. पूजावेतन, वर्षासन व निवृत्तिवेतन

या प्रकरणीं दोष एका बादशहाचा कीं पद्धतीचा? आपल्या नीतिशास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार केलेला आहे. कौटिल्यानें भृत्यांच्या भरणपोषणाचें प्रकरण लिहितांना आचार्य व विद्यावंत यांस यथायोग्य पूजावेतन द्यावें असें सांगून, त्याची मर्यादा पांचशें ते एक हजार पण अशी घातली. तसेंच चाकरींत असतां मृत झालेल्यांच्या पुत्रदारांस अन्नवेतन द्यावें असें म्हटलें. शुक्रनीतींत चाळीस वर्षें सेवा केलेल्यास पुढें सेवेवांचून निम्में वेतन यावज्जीव द्यावें, व त्याच्या पश्चात् असमर्थ पुत्रादिकांस त्याचें निम्में द्यावें, असा नियम आहे. त्या ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत मोठा वाद आहे. तथापि कल्पना स्पष्ट आहे. राजा तुष्ट झाला म्हणून दिलें, आणि सेवा झाली म्हणून देणें लागतों, या दोहोंत भेद आहे. पहिल्यास कवींद्राचार्यांचें वर्षासन हें उदाहरण. दुसऱ्याचें नांव निवृत्तिवेतन.

रक्कम मोठी असल्यानें हा भेद नाहींसा होत नाहीं. दुसऱ्या बाजीरावानें जून १८१८ त माल्कमच्या स्वाधीन होऊन गंगाकांठीं बिठूरास वास्तव्य केलें. त्यास सालीना आठ लक्ष रुपये ठरले, म्हणजे कवींद्राचार्यांच्या चारशें पट. तेहतीस वर्षें तें चाललें. २८ जानेवारी १८५१ रोजीं बाजीराव वारला, व दत्तकपुत्र नानासाहेब यांस तें पुढें चालविण्यास कंपनी सरकारनें नकार दिला. आठ लक्षांवर पोसलेल्या त्या परिवाराची गति पुढें काय झाली हें सर्वश्रुत आहे. देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली वृत्ति दोन हजारांची असो वा आठ लक्षांची, तिचा शेवट एकाच रीतीनें होतो.

आमच्या देशांत हा प्रश्न अगदीं अलीकडे निःसंदिग्धपणें सुटला. १७ डिसेंबर १९८२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नाकारा प्रकरणांत निर्णय दिला कीं, निवृत्तिवेतन ही धन्याची बक्षिसी नव्हे. पूर्वीं केलेल्या सेवेमुळें प्राप्त झालेला तो हक्क आहे. परभणीसारख्या गांवांतून आज जे शिक्षक, तलाठी, कारकून निवृत्त होऊन मुलांमागें पुण्यास, मुंबईस वा परदेशीं जाऊन राहतात, त्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल कीं, दरमहा आपल्या खात्यांत जी माफक रक्कम विनासायास जमा होते, तिच्यासाठीं सर्वविद्यानिधान कवींद्राचार्यांस वर्षभर हेलपाटे घालावे लागले होते.

९. उपसंहार

सारांश, कवींद्राचार्यांच्या प्रकरणावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. परमुलुखांतील सुखवस्तुपणास मोठी रक्कम लागत नाहीं. आपल्या लोकांची वस्ती, स्वस्त अन्न, आणि विद्येचा आदर करणारा समाज असला म्हणजे माफक वर्षासन पुरतें. दुसरी, कृपेनें आलेली वृत्ति कृपेबरोबर जाते. म्हणून तिला हक्काचें रूप येणें अवश्य आहे. तिसरी, हातीं आलेल्या द्रव्यापैकीं जें विद्येच्या रूपानें सांठविलें गेलें तेवढेंच मागें टिकलें.

कवींद्राचार्यांच्या पश्चात् त्यांचा संग्रह फुटला. त्याचा एक भाग बिकानेरच्या अनूपसिंह महाराजांच्या ग्रंथालयांत गेला, इतर पोथ्या ठिकठिकाणीं पसरल्या. दोन हजारांचा हिशेब लिहिणारें मोगली दफ्तर आतां नाहीं, तें देणारी व हिरावणारी पातशाहीहि नाहीं. २१९२ नोंदींची ती यादी आहे, आणि तींतल्या पोथ्या आजहि कोणी अभ्यासक उलगडून वाचतो. मराठवाड्यांतील जुन्या घराण्यांत काशीहून आलेल्या पोथ्या असण्याचा संभव आहे. त्यांच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर सर्वविद्यानिधान ही अक्षरें कोणास आढळल्यास तें पान नीट जपून ठेवावें व मंडळास कळवावें, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.